झाडांचे उत्पन्न आणि सहकार : परभणी जिल्ह्यासाठी एक विचार

परभणी जिल्हा काळ्या जमिनीचा जिल्हा म्हणून सर्वत्र ओळखला जातो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली ही भारी जमीन कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन ही पिके चांगली देते. जमिनीविषयी येथील शेतकऱ्याची तक्रार सहसा नसते. तक्रार असते ती पावसाची आणि बाजाराची. परंतु या जिल्ह्यात आणखी एक उणीव आहे, आणि ती इतकी जुनी आहे की तिची तक्रार करावयाचेही लोक विसरून गेले आहेत. ही उणीव झाडांची होय.

उत्तरेस जिंतूर तालुक्यातील डोंगराळ पट्टा आणि दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूस आलेल्या बालाघाटाच्या रांगा सोडल्या, तर जिल्ह्यात वन म्हणावे असे फारसे काही आढळत नाही. पाथरी, मानवत, सेलू, परभणी, पूर्णा या सपाट तालुक्यांतून उन्हाळ्यात प्रवास करणाऱ्यास मैलोगणती उघडे रान दिसते. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकूण भूमीपैकी एक तृतीयांश भाग वनाखाली असावा, आणि सपाट प्रदेशातही तो शेकडा २० असावा, असे ठरविले होते. परभणी जिल्ह्यातील वनाच्छादन शेकडा एक-दोन इतकेच भरते. १९९९ मध्ये हिंगोली हा वेगळा जिल्हा झाल्यावर पूर्वीच्या परभणी जिल्ह्यातील बरेचसे वन तिकडे गेले, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

या उणिवेची किंमत शेतकरी कोणत्या रूपाने देतो? ज्या गावात सरपण नाही तेथे शेण चुलीत जाते. एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतातून जमिनीस सुमारे ५ किलो नत्र मिळते. शिवाय जमिनीचा पोत सुधारतो, आणि भारी काळ्या जमिनीत तर त्याची विशेषच आवश्यकता असते. गोवरी जाळली की हे नत्र आणि सेंद्रिय द्रव्य धुराबरोबर निघून जाते व राखेत थोडेबहुत पालाश आणि स्फुरद तेवढे उरते. गेल्या काही वर्षांत घरोघरी गॅसच्या टाक्या आल्या हे खरे. तथापि आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि थोरल्या कुटुंबाच्या भाकरी यांसाठी चूल अजून पेटतेच. पऱ्हाटी आणि तुराटी जळणास येतात, पण त्या वर्षभर पुरत नाहीत. एका हाताने खताचे पोते विकत आणावयाचे आणि दुसऱ्या हाताने घरचे खत जाळावयाचे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी किंमत याहून कमी दिसते, परंतु ती रोकडीची आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर दहा-वीस बाभळी, दोन-चार कडुनिंब किंवा एखादे जुने चिंचेचे झाड आहे, तो ते केव्हा विकतो? मुलीचे लग्न, दवाखाना, किंवा बी-बियाणाची नड आली म्हणजे. लाकडाचा व्यापारी येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो आणि उभ्या झाडाची किंमत नजरेने सांगतो. कापसाला काटा आहे, तुरीला काटा आहे. झाडाला मात्र काटा नाही. झाड आठ-दहा वर्षांत एकदाच विकावयाचे असल्यामुळे शेतकऱ्यास त्याचा भाव ठाऊक नसतो, आणि व्यापारी तर रोज तोच धंदा करतो. अशा सौद्यात कोणाची बाजू पडती राहील हे सांगावयास नको.

हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याने सुटणारा नाही. सहकाराने तो सुटतो काय, याचा विचार करण्यापूर्वी महाराष्ट्रात वनाच्या क्षेत्रात सहकाराने पूर्वी काय केले ते पाहणे उपयुक्त ठरेल.

जंगल कामगारांच्या संस्था

सहकारी साखर कारखान्यांचा इतिहास आज शाळेतील मुलासही माहीत असतो. जवळजवळ त्याच सुमारास याच राज्यात सुरू झालेल्या जंगल कामगार सहकारी संस्थांचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. वास्तविक त्या संस्था अधिक दुबळ्या माणसांच्या होत्या.

स्वातंत्र्यापूर्वीच्या मुंबई इलाख्यात सरकारी जंगलाचे तोडीसाठी भाग पाडले जात. अशा एका भागास कूप म्हणतात. दरसाल ठरलेल्या कुपांचा लिलाव होई आणि ठेकेदार तो घेई. तोड करावयाची, ओंडके पाडावयाचे, कोळसा लावावयाचा आणि माल गाड्यांतून डेपोपर्यंत न्यावयाचा ही सर्व कामे ठाणे, नाशिक, पश्चिम खानदेश इत्यादी भागांतील आदिवासी करीत. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की ठेकेदार किंवा सावकार खावटी देई आणि दिवाळीनंतर तिच्या फेडीसाठी संपूर्ण कुटुंब कुपात राबे. हिशेब ठेकेदाराच्या वहीत आणि मजूर निरक्षर. डी. सायमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात या स्थितीचे वर्णन आले. पुढे १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठ आणि अपुऱ्या मजुरीविरुद्ध मोठा लढा दिला, हे सर्वज्ञात आहे.

१९४६ मध्ये बाळासाहेब खेर पुन्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झाले. सहकारी चळवळीतील ज्येष्ठ कार्यकर्ते वैकुंठभाई मेहता त्यांच्या मंत्रिमंडळात होते. ठेकेदारास वगळून कुपाचे काम मजुरांच्याच सहकारी संस्थेस द्यावे, असे धोरण १९४७ पासून अमलात येऊ लागले. या धोरणातील व्यवहार्य गोष्ट अशी की, निरक्षर मजुरांवर एकदम संस्थेचा सगळा भार टाकला नाही. प्रत्येक संस्थेमागे समाजसेवेचे काम करणारी एखादी प्रायोजक संस्था उभी करण्यात आली. ती चिटणीस देई, हिशेब लिही, वन खात्याशी पत्रव्यवहार करी आणि सभासदांना मजुरीचे दर समजावून सांगे. संस्थेने तोड करावयाची, माल डेपोत आणावयाचा, विक्री झाल्यावर खर्च वजा जाता राहिलेल्या नफ्यात सरकार व संस्था यांनी वाटेकरी व्हावयाचे, अशी सर्वसाधारण रीत होती. नफ्याच्या रकमेतून काही ठिकाणी शाळा, विहिरी आणि धान्याची कोठारे उभी राहिली.

खरा लाभ मात्र नफ्यात मोजता येणार नाही. कुपावर काम करणाऱ्या माणसास आपण किती ओंडके पाडले आणि त्यांची मजुरी किती झाली हे प्रथमच कळू लागले. ज्या माणसाने पूर्वी केवळ अंगठा उठविला, तो संस्थेच्या सभेत उभा राहून दर विचारू लागला. ठेकेदारांनी ही गोष्ट सहज सोडली असे मात्र नव्हे. काही ठिकाणी जुन्या ठेकेदाराचा माणूसच चिटणीस झाला, भांडवल ठेकेदाराचेच राहिले, आणि पाटी तेवढी सहकारी संस्थेची लागली. सहकाराचा कायदा अशी फसवणूक आपोआप थांबवीत नाही. सभासदांनी वही उघडून पाहिली तरच ती थांबते.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात व नंतर हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आल्यानंतर हे धोरण इकडे पोहोचले. परंतु मराठवाड्यात कूप पाडण्याजोगे मोठे सागवान प्रामुख्याने नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या बाजूस आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात अशा संस्थांना हात घालावा असे जंगलच थोडे होते.

पुढे या संस्थांचे काम सर्वत्र आटत गेले. १९७४ मध्ये राज्याचे वनविकास महामंडळ स्थापन झाले व काही वनक्षेत्र त्याच्याकडे गेले. १९८० मध्ये केंद्राचा वनसंवर्धन अधिनियम आला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय वनातील तोडीस मनाई केली. कुपांची संख्या घटली तसे संस्थांचे कामही घटले आणि अनेक संस्था नावापुरत्या उरल्या. वनाच्या रक्षणासाठी हे निर्बंध आवश्यक होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्यातून सहकारी कार्यकर्त्याने एक गोष्ट ओळखावयास हवी. या संस्थांचे भांडवल म्हणजे सरकारी जंगलातील तोड होते. झाडे सभासदांची नव्हती. दुसऱ्याच्या मालावर उभी राहिलेली संस्था, मालकाने हात आखडता घेतला की बसते.

स्वतःची झाडे असणाऱ्यांचा सहकार

ज्या देशांत झाडे शेतकऱ्यांची आहेत तेथे चित्र निराळे आहे. स्वीडनच्या दक्षिण भागात १९३८ मध्ये स्थापन झालेली सोद्रा ही संस्था वनमालक शेतकऱ्यांची आहे. तिचे सभासद ५० हजारांहून अधिक असून लाकूड चिरण्याच्या व लगद्याच्या गिरण्या संस्थेच्याच मालकीच्या आहेत. तेथील शेतकरी झाड उभे विकून मोकळा होत नाही. त्या झाडाच्या फळ्या आणि लगदा झाल्यावर होणाऱ्या नफ्यातही त्याचा वाटा असतो. आपल्याकडील साखर कारखान्यास ऊस घालणाऱ्या सभासदास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या देशातही प्रयोग झाले. कांगडा खोऱ्यात १९४० च्या सुमारास गावांच्या सहकारी वनसंस्था निघाल्या व त्यांची संख्या सुमारे ७० पर्यंत गेली. त्यांनी वन चांगले राखले. परंतु १९७३ मध्ये सरकारने ती योजना पुढे चालविली नाही आणि संस्था निराधार झाल्या. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८६ पासून पडीक महसुली जमिनीवर वृक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था काढल्या आणि १९८८ मध्ये आणंद येथे त्यांचा राष्ट्रीय महासंघ नोंदविला. त्या कामातील अनुभव असा की, कुंपण करून चराई थांबविलेल्या जमिनीवर प्रथम उत्पन्न येते ते लाकडाचे नव्हे, गवताचे. पहिल्या दोन पावसाळ्यांतच गवत कापून नेता आले तर सभासद टिकतो. दहा वर्षांनी मिळणाऱ्या लाकडाच्या आशेवर कोणी दहा वर्षे सभेस येत नाही.

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था निघाली. बासे आणि वासे एकत्र विकावयाचे, हा तिचा हेतू. त्याच दशकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतातील पंजाब, हरियाना व पश्चिम उत्तर प्रदेशात निलगिरीचे भाव कोसळले, कारण सर्वांनी एकच झाड एकाच वेळी लावले होते आणि ते एकाच वेळी बाजारात आले. संस्था असली तरी एका जातीच्या झाडावर सगळी भिस्त ठेवणे धोक्याचे असते, हे येथील सोयाबीन उत्पादकांसही पटेल.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण आता पुष्कळांस ठाऊक आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखाली त्या ग्रामसभेस २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाने राखलेल्या वनातील सीताफळे व्यापाऱ्यास न देता थेट शहराच्या बाजारात नेली. या ग्रामसभा आहेत, सहकारी संस्था नव्हेत. परंतु व्यवहाराचे तत्त्व तेच आहे. परभणी जिल्ह्यात एवढे मोठे वन नाही. म्हणून येथे मार्ग दुसरा शोधावा लागेल.

परभणीत झाडे कोठे लावावयाची?

प्रथम बांधाचा विचार करावा, कारण तेथे मालकीविषयी वाद नाही. भारी काळ्या जमिनीस बाभळीइतके अनुकूल झाड दुसरे नाही. तिचे लाकूड नांगर, वखर, गाडीचे भाग आणि अवजारांचे दांडे यांसाठी पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. शेंगा शेळ्यामेंढ्यांस चालतात, साल कातडी कमावण्यास उपयोगी पडते, डिंक निघतो, आणि द्विदल वर्गातील झाड असल्यामुळे जमिनीस नत्र मिळते. बांधासाठी रामकाठी बाभूळ विशेष योग्य आहे. तिच्या फांद्या सरळ वर जातात, त्यामुळे सावली थोडी पडते.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. बांधावरील झाडामुळे त्याच्या जवळच्या ओळींतील पिकाचे उत्पन्न घटते. मुळे ओलावा ओढतात आणि सावलीत कापूस वाढत नाही. झाडे लावा असे सांगणारे पुष्कळ कार्यकर्ते ही गोष्ट सांगत नाहीत, आणि मग दोन वर्षांनी शेतकरी रोपे उपटून टाकतो. नुकसान कमी करण्याचे उपाय आहेत : झाडांत ५ मीटरचे अंतर ठेवावे, खालच्या फांद्या दरसाल छाटाव्यात, दक्षिण-उत्तर बांधास प्राधान्य द्यावे म्हणजे सावली एकाच पिकावर दिवसभर राहत नाही, आणि शेजाऱ्याच्या बाजूने सावली पडत असल्यास त्यास अगोदर विचारावे. बांधावरून होणारी भांडणे कोर्टापर्यंत जातात हे सर्वांस माहीतच आहे. एवढे करूनही काही नुकसान राहीलच. ते झाडाच्या किमतीतून भरून निघाले पाहिजे. यास्तव झाडाची किंमत योग्य मिळणे ही या सर्व विचाराची किल्ली आहे, आणि ती संस्थेशिवाय हाती येत नाही.

नाल्याकाठची व विहिरीजवळची जागा बांबूस द्यावी. मानवेल व कटांग या जाती आपल्याकडे परिचित आहेत. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढविलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोड घेता येते. मात्र चालू वर्षाचे कोवळे वासे कधीही तोडू नयेत, कारण पुढील वर्षाचे कोंब त्यांच्याच बळावर येतात.

जिंतूर व गंगाखेडच्या हलक्या, मुरमाड जमिनीत बाभळीपेक्षा सीताफळ, बोर, कडुनिंब व आवळा यांचा विचार करावा. शेजारच्या बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच डोंगराच्या या बाजूस सीताफळ लावून ते टोपल्यांनी रस्त्याच्या कडेला विकण्यापलीकडे आपण गेलेलो नाही. सीताफळ पिकले की दोन-तीन दिवसांत उतरते. म्हणून त्याची विक्री एकट्याने होत नाही, तेथे संस्थेचा उपयोग लाकडापेक्षाही अधिक आहे.

गायरानाविषयी

आता गायरानाचा प्रश्न. अनेक कार्यकर्त्यांच्या मनात प्रथम हीच जागा येते : गावची पडीक जमीन आहे, संस्था काढावी, कुंपण घालावे आणि झाडे लावावीत. कागदावर ही कल्पना फार सुंदर दिसते. परंतु मराठवाड्यात गायरान ही केवळ पडीक जमीन नाही. भूमिहीन, विशेषतः दलित व भटक्या समाजांतील कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या येथे जमीन कसली आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची आठवण अजून पुसलेली नाही. १९९१ मध्ये शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची काही अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. दुसरीकडे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. या दोन टोकांमध्ये गावोगावी वाद चालू आहेत.

अशा परिस्थितीत बागायतदारांनी संस्था काढून गायरानास कुंपण घातले, तर झाडांच्या नावाखाली गरिबांचे पोट मारल्यासारखे होईल आणि ती झाडे एका रात्रीत तोडली जातील, यात नवल नाही. ज्यांच्या शेळ्या त्या जमिनीवर चरतात आणि जे ती कसतात, तेच संस्थेचे पहिले सभासद असले पाहिजेत. तांड्यावरील किंवा वस्तीवरील बायकांना गवत आणि सरपण यांचा वाटा पहिल्या वर्षापासून ठरवून द्यावा. संपूर्ण गायरान एकदम बंद न करता एक भाग चराईस मोकळा ठेवून दुसरा राखावा आणि काही वर्षांनी पाळी बदलावी. ज्या गावात हे जमण्यासारखे नसेल तेथे कार्यकर्त्याने गायरानाचा हट्ट सोडून बांधावरच्या झाडांपासूनच आरंभ करावा. १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केल्यापासून आजवर जी रोपे लावली गेली, त्यांतील फार मोठा भाग पाण्याअभावी नव्हे तर कोणाचीच नसल्यामुळे मेला, असे म्हणावयास हरकत नाही.

झाड मोजण्याची रीत

संस्थेने पहिल्या दिवशी करावयाचे काम म्हणजे सभासदांना झाड मोजण्यास शिकविणे. त्यासाठी एक फीत पुरते.

उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर घ्यावा. झाड पाडल्यानंतर ओंडक्याचा घेर मधोमध घ्यावा. समजा, ओंडका ३ मीटर लांब आहे आणि मधला घेर १ मीटर २० सेंटिमीटर भरला. व्यापारी पद्धतीने घेराचा चौथा भाग घेतात, तो ३० सेंटिमीटर झाला. त्याचा वर्ग करून लांबीने गुणले, म्हणजे ०.३० × ०.३० × ३ = ०.२७ घनमीटर. या रीतीस चतुर्थ-घेर पद्धत म्हणता येईल, आणि लाकडाच्या बाजारात तीच सर्वत्र चालते.

परंतु ओंडका गोल असतो. त्याचे खरे घनफळ काढल्यास ते सुमारे ०.३४ घनमीटर भरते. म्हणजे चतुर्थ-घेर पद्धतीत शेकडा सुमारे २१ इतके लाकूड मोजले जात नाही. चिरताना जाणाऱ्या फळकुटांची व भुशाची ती वजावट आहे, असे व्यापारी सांगतो, आणि त्यात काही तथ्यही आहे. मात्र तोच व्यापारी त्यावर पुन्हा साल, वाक आणि गाठी यांची वजावट मागत असेल तर सभासदाने थांबावे. एकदा शेतकऱ्यास हा हिशेब स्वतः करता आला म्हणजे सौद्याची सगळी भाषा बदलते. जळाऊ लाकूड वजनावर विकताना आणखी एक बाब ध्यानी ठेवावी. ताज्या लाकडात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. म्हणून भाव ठरवितानाच माल ओला तोलावयाचा की वाळलेला, हे लिहून घ्यावे.

संस्थेच्या पुस्तकात प्रत्येक सभासदाची झाडे, त्यांची जात, घेर आणि लावल्याचे वर्ष यांची नोंद असावी. दर दोन वर्षांनी घेर पुन्हा मोजावा. अशी नोंद असल्यास, नड आलेल्या सभासदास झाड तोडून विकण्याऐवजी संस्थेकडून त्या झाडावर उचल घेता येईल, आणि झाड आणखी चार वर्षे वाढेल. बाभळीच्या खोडास शेवटच्या वर्षांतच खरे मोल चढते. घाईने विकलेले झाड हे कोवळ्या कणसासारखे आहे. ही उचल देण्याची सोय संस्थेस स्वतःच्या भांडवलातून थोडीथोडीच करता येईल. तरीही उभी झाडे वाचविण्याचा याहून परिणामकारक मार्ग दिसत नाही.

तोडीपूर्वी कायद्याची माहिती घेणे अत्यावश्यक आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली साग, चंदन, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर इत्यादी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बाभूळ व कडुनिंब त्या अनुसूचीत नाहीत. तथापि लाकूड वाहून नेताना परवान्याचा प्रश्न येतो, म्हणून गाडी भरण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. एकटा शेतकरी या कचेऱ्यांच्या खेपांना कंटाळून उभे झाड व्यापाऱ्यासच देऊन टाकतो आणि परवान्याची कटकट त्याच्या गळ्यात घालतो. व्यापारी ती किमतीतून वसूल करतो. दहा-बारा सभासदांचे अर्ज संस्थेने एकदम नेले तर खेपा वाचतात.

नोंदणी आणि कारभार

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० व्यक्तींना संस्था नोंदविता येते. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करावयाचा असतो. भाग कितीही असले तरी एका सभासदास एकच मत. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि भागांवरील लाभांश शेकडा १५ हून अधिक देता येत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा व लेखापरीक्षण दरसाल झालेच पाहिजे. आरंभी गावापुरती लहान संस्था काढावी. तीत नात्यागोत्याच्या एकाच घराण्याचे सभासद नसावेत. पाच-सहा गावांत अशा संस्था उभ्या राहिल्यावर करवतगिरणी किंवा साठवणुकीचा डेपो यांचा विचार करण्यास हरकत नाही. गिरणी प्रथम आणि झाडे मागून, असा उलटा क्रम लागल्यास ती गिरणी बंद पडेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी आणखी एक व्यवहाराची सूचना. बाभळीसाठी रोपवाटिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. शेंगा उन्हाळ्यात पक्व होऊन गळतात आणि शेळ्या त्या आवडीने खातात. शेळ्यांच्या पोटातून बाहेर पडलेले बी कठीण कवच नरम झाल्यामुळे चांगले उगवते, हे जुन्या शेतकऱ्यांस माहीत आहे. मे महिन्यात मेंढवाड्यातून व शेळ्यांच्या गोठ्यातून असे बी गोळा करून वाळवून ठेवावे. ते न मिळाल्यास साधे बी गरम पाण्यात टाकून पाणी निवल्यावर एक दिवस भिजू द्यावे. मृगाचा पाऊस होऊन जमीन ओली झाली की बांधावर ५ मीटरवर एक याप्रमाणे आळी करून प्रत्येकी चार-पाच बिया टोकाव्यात आणि भाद्रपदात त्यांतील एक जोमदार रोप ठेवून बाकीची काढून टाकावीत. पहिली दोन वर्षे जनावरांपासून राखण्यासाठी प्रत्येक आळ्याभोवती बोरीच्या काट्या रोवाव्यात.